ऑइल सील, मागच्या एक्सलचे

मागच्या एक्सलच्या टोकाशी, चाकाच्या बेअरिंगजवळ बसवलेली पोलाद व रबराची कडी. डिफरन्शियलमधले दाट गिअर ऑइल चाकापर्यंत येऊ न देणे हे तिचे काम. बोलेरो, सुमो किंवा पिकअपसारख्या गाड्यांत हे सील गेले की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. म्हणून हे काम ब्रेकचेच समजावे. तेल टाकून भागवत राहू नये.

गणपतीपुळ्याच्या वाटांवर याचे महत्त्व पटते. अंगारकीला कोल्हापूर-सांगलीहून निघालेली भरलेली जीप आंबा घाट उतरते आणि हातखंबा, निवळीमार्गे पुळ्याला येते. रत्नागिरीहून येणाऱ्या गाडीला आरे-वारेचे किनारी चढउतार लागतात. मागच्या एका चाकाचे लायनर तेलात भिजले असतील, तर ब्रेक दाबताच ते चाक नीट धरत नाही आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल्या वळणावर ही ओढ फार धोक्याची.

खूण चाकाच्या आतल्या बाजूला सापडते. बॅकप्लेटखालून टायरवर काळसर ओघळ आलेला असतो आणि त्यावर लाल धूळ बसलेली असते. तो बोटावर घेऊन पाहावा. गिअर ऑइल चिकट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ओघळ पातळ असेल, तो वास नसेल, तर तो बहुधा ब्रेक ऑइलचा; तिथे दोष व्हील सिलिंडरचा.

सीलचा रबरी ओठ फिरत्या शाफ्टला टेकलेला असतो आणि त्यामागची बारीक गोल स्प्रिंग त्याला दाबून धरते. पूर्वी हे ओठ चामड्याचे असत. जर्मनीतल्या वाइनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग या चामड्याच्या कारखान्याने १९३० च्या आसपास अशी सीले बाजारात आणली. पुढे तेलाला टिकणारे कृत्रिम रबर आले.

ओठ वयाने कडक होतो, हे तर आहेच. पण नवे सीलही महिन्याभरात गळू लागले, तर कारण दुसरीकडे शोधावे : शाफ्टवर पडलेली खाच, ढिले बेअरिंग, प्रमाणाबाहेर भरलेले तेल किंवा चिखलाने बुजलेला ब्रीदर. ब्रीदर बंद असला की तापलेल्या हाउसिंगमधली हवा फुगते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. किनाऱ्यावर उलटाही प्रकार घडतो. हौसेने पुळणीवर आणि लाटांत घातलेल्या गाडीचा गरम एक्सल पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. मग तेल दुधाळ होते, शाफ्ट गंजतो आणि त्या खरखरीत जागेवर नवा ओठही घासून जातो. अशा वेळी नुसते सील बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कामाला सपाट, टणक जागा हवी. वाळूत जॅक रुततो. पुढच्या चाकांना ठोकळे लावून एक्सल घोडीवर टेकवतात, मग चाक आणि ड्रम काढतात. बॅकप्लेटचे नट सोडून शाफ्ट पुलरने ओढतात. काही गाड्यांत सील हाउसिंगच्या तोंडाशी असते आणि लगेच निघते. काहींत ते बेअरिंगच्या मागे अडकलेले असते. तिथे बेअरिंग धरून ठेवणारी कॉलर काढावी लागते आणि परत बसवताना ती नवीच घालतात. नव्या सीलचा स्प्रिंगचा भाग तेलाच्या बाजूला ठेवतात, ओठाला तेल लावतात आणि योग्य मापाच्या पाइपने ते चहूकडून सारखे ठोकतात. एका कडेवर हातोडी मारली की ते तिरके बसते. शाफ्ट आत घालताना त्याचे दाते ओठावर घासू नयेत, म्हणून तो हाताने तोलून धरतात.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत घालण्याची खोड अजून आहे. ती सोडलीच पाहिजे : आत मुरलेले तेल ब्रेक तापल्यावर पुन्हा वर येते. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. मग गाडी सपाटीवर ठेवून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे तेल फिलर प्लगच्या काठापर्यंत भरतात.

एसटीसारख्या जड गाड्यांची रचना वेगळी. तिथे चाकाचा भार हबच्या बेअरिंगांवर असतो. शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो आणि चाक न उतरवता बाहेर येतो. सील मात्र हबमध्ये असल्याने, ते बदलायला हब उतरवावाच लागतो.