काचेवर अंडी आली, पिल्ले कुठे गेली?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची काच सकाळी पुसायला घ्यावी, तर तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग किंवा शेवयांसारखी नागमोडी रेघ उमटलेली दिसते. नवख्या हौशी मत्स्यपालकाला हा एखादा रोग वाटतो आणि तो पाण्यात औषध ओततो. ही घाई महागात पडते. माशांच्या परोपजीवींवरील अनेक औषधांत तांबे असते आणि तांब्याची अल्प मात्राही गोगलगायींना मारक ठरते. वस्तुतः ती बहुधा काच आणि वाळू स्वच्छ राखण्यासाठी आणलेल्या समुद्री गोगलगायींचीच अंडी असतात.

अंडी कशी ओळखावीत?

तिळासारखे पांढरे, टणक आणि नखानेही सहज न निघणारे ठिपके नेराइट गोगलगायीचे असतात. वाळूत दडून राहणारी नॅसॅरिअस काचेवर बारीक, चपट्या, पारदर्शक पिशव्या ओळीने चिकटवते. शेवयांसारखी नागमोडी रेघ ही सेरिथची खूण होय. ट्रोकस, टर्बो आणि स्टोमाटेला मात्र काचेवर काहीच ठेवत नाहीत. नर व मादी उंच जागी चढून शुक्राणू आणि अंडी थेट पाण्यात सोडतात. त्या वेळी गोगलगायीतून धूर निघत असल्याचा भास होतो आणि पाणी गढूळ होते.

पिल्ले का दिसत नाहीत?

अंड्यातून बाहेर पडणारा जीव बहुतेक जातींत छोटी गोगलगाय नसून पाण्यात तरंगणारा सूक्ष्म डिंभ असतो. नॅसॅरिअससारख्या जातींचे डिंभ वनस्पतिप्लवकांवर जगतात आणि तळाशी स्थिरावण्यापूर्वी त्यांना अनेक दिवस, कधी काही आठवडे तरंगत काढावे लागतात. समुद्रात हे शक्य असते. काचेच्या पेटीत मात्र पंप, फिल्टर व स्किमर त्यांना ओढून घेतात आणि उरलेले मासे व प्रवाळ फस्त करतात. म्हणूनच काचेवर शेकडो अंडी असूनही एकही पिल्लू हाती लागत नाही. यात पाळणाऱ्याचा दोष नसतो.

अपवाद कोणते?

ट्रोकस व स्टोमाटेला यांच्या डिंभांना बाहेरच्या अन्नाची गरज नसते. अंड्यातील बलकावर ते तगतात आणि ट्रोकसचे डिंभ तर अवघ्या तीन ते पाच दिवसांत स्थिरावू शकतात. त्यामुळे घरच्या मत्स्यालयातही काही महिन्यांनी खडकांवर त्यांची पिल्ले सापडतात. याच गुणामुळे प्रशांत महासागरातील पलाऊ येथे १९८०च्या दशकात ट्रोकसची कृत्रिम पैदास साधली गेली. आपल्या देवघरातील शंखाचा प्राणी याहून पुढे गेलेला आहे. तो मेंढ्याच्या शिंगासारख्या पिळदार कोशात अंडी घालतो आणि त्यातून कवचधारी पिल्ले सरपटतच बाहेर येतात.

काय करावे?

काचेवरील अंडी निरुपद्रवी असतात. ती तशीच राहू द्यावीत. नजरेला खुपत असल्यास पात्याने खरवडावीत. गढूळ पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. लहान मत्स्यालयात एकाच वेळी अनेक गोगलगायींनी अंडी सोडल्यास ती कुजून अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि मासे दगावू शकतात. अशा वेळी स्किमर चालू ठेवावा, हवा वाढवावी, अमोनिया तपासावा आणि तेवढ्याच क्षारतेच्या ताज्या पाण्याने काही पाणी बदलावे.

पिल्ले वाढविण्याची जिद्द असल्यास अंडी त्याच क्षारतेच्या वेगळ्या भांड्यात हलवावीत. तेथे फिल्टरऐवजी हवेचे मंद बुडबुडे सोडावेत आणि स्थिरावण्यासाठी शेवाळाचा पातळ थर धरलेला दगड ठेवावा. नॅसॅरिअस व सेरिथच्या डिंभांना वनस्पतिप्लवकही पुरवावे लागतात.

हा खटाटोप निव्वळ हौसेचा नाही. बाजारातील बहुतांश समुद्री गोगलगायी अजूनही समुद्रातूनच पकडलेल्या असतात. अंदमान-निकोबारच्या प्रवाळ खडकांवरील ट्रोकसचा अतोनात उपसा झाल्याने २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र द्यावे लागले. त्यामुळे किनाऱ्यावरून जिवंत गोगलगायी उचलून आणणे टाळावे. घरात जन्मलेले प्रत्येक पिल्लू समुद्रावरचा भार तेवढाच हलका करते.