पडवीतला बाजार

मडकं विकत घेताना माझी आजी आधी ते वाजवून बघायची. डाव्या तळव्यावर तोलायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्याच्या पोटावर मारायचं आणि कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर मडकं नीट भाजलेलं. बद्द आला तर कुठेतरी चीर गेलेली. हे चालू असताना समोर पोत्यावर बसलेली कुंभारीण आजीच्या बोटाकडे बघत असायची. ‘‘गळलं तर पुढल्या बाजारी परत आणा, आक्का,’’ एवढंच ती म्हणायची. मडक्यावर नावगाव काही नसे. नाव कशाला हवं? घडवणारी समोरच बसलेली होती.

अमेरिकेतल्या एका बाजाराची कुळकथा वाचताना ती कुंभारीण मला सारखी आठवत राहिली. न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सँटा फे हे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर वसलेलं, मातीच्या विटांच्या घरांचं गाव. तिथे दरवर्षी मूळ अमेरिकी कलावंतांचा मोठा बाजार भरतो. भर चौकात, उघड्यावर, हजाराच्या आसपास कलावंत आपापली मातीची भांडी, चांदीचे दागिने, विणकाम, चित्रं, शिल्पं मांडून बसतात. बाजाराची जन्मतारीख सगळीकडे एकच दिलेली असते : सप्टेंबर १९२२. मला ती पटत नाही. १९२२ मध्ये जे भरलं ते प्रदर्शन होतं. बाजार जन्मला त्यानंतर चौदा वर्षांनी, एका पडवीत.

आधी त्या पडवीबद्दल. सँटा फेच्या चौकाच्या उत्तरेला ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ नावाची लांबलचक बैठी इमारत आहे. नाव राजवाड्याचं असलं तरी बांधणी आपल्याकडच्या जुन्या मातीच्या वाड्यासारखी. जाड भिंती आणि पुढे रस्त्याला लागून लाकडी खांबांची पडवी. स्पॅनिश लोकांनी १६१० मध्ये हे गाव राजधानी म्हणून वसवलं तेव्हापासूनची ती जागा. आसपासच्या खेड्यांत त्याच्या कितीतरी आधीपासून पुएब्लो लोक राहत होते. पुएब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव. माणसांनाही तेच नाव पडलं. १६८० मध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या मागे यांतली बहुतेक गावं उठली आणि त्यांनी स्पॅनिश सत्तेला पार हाकलून लावलं. बारा वर्षांनी, १६९२ मध्ये, दिएगो दे वार्गासच्या मागे स्पॅनिश फौज परत आली. त्या परत येण्याचा उत्सव म्हणजे सँटा फेचा ‘फिएस्टा’. तो साजरा करण्याचा ठराव १७१२ चा.

हे सांगायला हवं, कारण १९२२ चं प्रदर्शन भरलं ते याच फिएस्टाच्या दिवसांत. आपल्या पराभवाची आठवण म्हणून सुरू झालेल्या जत्रेला पुएब्लो बायका आपले घडे घेऊन आल्या. त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

त्या वेळी या घड्यांचे दिवस भरत आले होते. १८८० मध्ये सँटा फेला रेल्वे पोचली आणि पाठोपाठ पत्र्याची, मुलाम्याची भांडी आली. पाणी भरायला, धान्य साठवायला मातीची भांडी लागेनाशी झाली. त्याच रेल्वेने प्रवासी आले. त्यांना हवी होती ट्रंकेत मावणारी आठवण. मग घड्याऐवजी राखदाण्या आणि चिमुकले बाहुले होऊ लागले. घाईने घडवलेले, कसेबसे भाजलेले, चार पैशांना दिलेले. आपल्याकडे कुंभाराच्या घरात प्लॅस्टिकची घागर शिरली, ती गोष्ट तिथे काही पिढ्या आधी घडली एवढंच.

एडगर ली ह्युएट हा पुरातत्त्वज्ञ १९०९ मध्ये स्थापन झालेल्या म्युझियम ऑफ न्यू मेक्सिकोचा संचालक होता, आणि म्युझियम भरलं होतं याच पडवीवाल्या इमारतीत. त्याचा सहकारी केनेथ चॅपमन हा जुन्या भांड्यांवरच्या नक्ष्यांचा जाणकार. जुनं ते टिकावं, नव्याने व्हावं आणि त्याला चांगला भाव मिळावा, अशी दोघांची तळमळ होती. त्यातून १९२२ चं प्रदर्शन उभं राहिलं. गावोगावची भांडी, विणकाम, दागिने आले. परीक्षक नेमले गेले, बक्षिसं लागली. वस्तू अस्सल असल्याची ग्वाही म्युझियमची.

त्याच वर्षी आणखी एक घडलं. पुएब्लोंच्या जमिनींवर शिरकाव केलेल्यांचे हक्क पक्के करणारं बर्सम विधेयक अमेरिकेच्या सिनेटपुढे आलं. सगळी पुएब्लो गावं त्याविरुद्ध एकत्र आली. सँटा फेतल्या लेखक-चित्रकारांनी त्यांच्या बाजूने संघटना काढली आणि ते विधेयक बारगळलं. जमीन वाचवण्यासाठी निघालेल्या याच संघटनेकडे पुढे बाजार आला. माती वाचली म्हणून मडकं वाचलं, असं म्हणायला मला इथे शब्दशः जागा दिसते.

पण प्रदर्शनात एक उणीव होती, आणि मला ती फार मोठी वाटते. ते चार भिंतींच्या आत भरत होतं. वस्तू म्युझियमची माणसं ताब्यात घ्यायची, मांडायची, पारखायची, आणि विक्रीचा व्यवहारही बहुतांशी त्यांच्याच हातून व्हायचा. चांगलं काय, अस्सल काय, हे ठरवणारे सगळे बाहेरचे. हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही. चॅपमनसारख्या माणसाने आयुष्य त्यात घातलं. तरी ज्या हातांनी वळ्या थापल्या ते हात टेबलाच्या पलीकडेच राहिले.

त्या हातांतली एक जोडी मारिया मार्टिनेझची. सान इल्डेफोन्सो गावची ही बाई भांडी घडवायला शिकली आपल्या आत्यामावशांच्या पिढीतल्या निकोलासाकडून. ह्युएटच्या उत्खननात १९०८ च्या सुमारास जुनी खापरं निघाली, तेव्हा तशी भांडी पुन्हा करून बघशील का, असं तिला विचारण्यात आलं. तिचा नवरा हुलियन पुढे काही काळ म्युझियममध्ये झाडलोट करायला होता. कपाटांतली जुनी भांडी तो रोज जवळून बघायचा आणि त्यांवरच्या नक्ष्या मनात साठवायचा. ती घडवायची, तो रंगवायचा.

पुएब्लो बायकांना चाक नाही. मातीत ज्वालामुखीची बारीक राख मिसळायची म्हणजे भाजताना तडा जात नाही. बशीसारख्या एका तुकड्यात भाकरीएवढा तळ बसवायचा, मग त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, चिमटीने सांधायच्या आणि भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून सारख्या करायच्या. वाळलं की खरवडायचं. मग पातळ लाल मातीचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचं. हे घोटणं मध्येच थांबवता येत नाही. थांबलं की तिथे डाग राहतो. असले गोटे आईकडून मुलीकडे येतात, दागिन्यांसारखे. घोटलेल्या अंगावर हुलियन युक्काच्या पानाच्या काडीने पातळ माती घेऊन नक्षी काढायचा. पिसांची रांग, किंवा ‘अवान्यू’ हा शिंगवाला पाण्याचा नाग.

आता भाजणं. आपल्यासारखा आवा नाही. उघड्यावर जाळी मांडून भांडी उपडी ठेवायची, वर जुने पत्रे, भोवती गोवऱ्या, खाली देवदारासारख्या लाकडाच्या चिरफळ्या. विस्तव पुरेसा चढला की नेमक्या क्षणी घोड्याची कोरडी, भुरभुरीत लीद फावड्याने वर ओतायची. आग गुदमरते, धूर आत कोंडतो, हवा तुटते. मातीतल्या लोहाचा लाल रंग जातो आणि भांडं काळंभोर होऊन निघतं. धूर कोंडला नसता तर हेच भांडं लालच निघालं असतं. काळी भांडी शेजारच्या सांता क्लारा गावीही होत होती. मारिया आणि हुलियनने १९१९ च्या आसपास साधलं ते वेगळंच : चकाकत्या काळ्यावर निस्तेज काळी नक्षी. समोरून पाहिलं तर काहीच नाही, जरा तिरकं धरलं की नाग सरपटत उगवतो.

या भांड्यांना मागणी आली, भाव आला. १९२३ च्या सुमारास मारिया भांड्याच्या तळाशी सही करू लागली. अशी सही करण्याची पद्धत पुएब्लोंत नव्हती. गावात कोणाचं भांडं कोणी केलं हे नजरेलाच कळायचं. सही हवी होती गिऱ्हाइकाला, कारण त्याच्या समोर भांडं होतं आणि बाई नव्हती. असंही सांगतात, की सहीवाल्या भांड्याला जास्त पैसे मिळतात हे दिसल्यावर गावातल्या इतर बायका आपली भांडी घेऊन मारियाकडे येत, आणि ती त्यांवरही आपलं नाव घालून देई. संग्रहालयवाल्यांना हे भलतंच वाटलं. मला ती गोष्ट फार आवडते. शेजारणीच्या घरी चार पैसे जास्त जावेत म्हणून तिने नाव विरजणासारखं वाटून टाकलं. आपली कलाही तिने तशीच गावाला शिकवली.

हळूहळू संग्रहालयाच्या हातून प्रदर्शनाचं काम सुटत गेलं आणि त्या संघटनेकडे आलं. १९३६ च्या उन्हाळ्यात तिथे मारिया शॅबो नावाची विशीतली मुलगी कामाला लागली. पुढे चित्रकार जॉर्जिया ओ’कीफचं अबिक्यू गावचं पडकं घर हिनेच उभं करून दिलं. मेक्सिकोतले गावबाजार तिने पाहिले होते. माल आणि मालक एकाच चटईवर बसलेले पाहिले होते. मग सँटा फेत तसं का नाही? ती गावोगाव फिरली, बायकांशी बोलली, त्यांना आणण्या-नेण्यासाठी बसची सोय केली आणि शनिवारचा बाजार भरवला. जागा? तीच, पॅलेसची पडवी.

त्या शनिवारी एवढंच झालं : बायका भिंतीला पाठ लावून ओळीने बसल्या, पुढ्यात कापड पसरलं, कापडावर भांडी मांडली. गिऱ्हाईक वाकलं, त्याने भांडं उचललं, किंमत विचारली आणि उत्तर समोरून आलं. माझ्या हिशेबी कुळकथेची सुरुवात इथे होते. परीक्षक नंतरही राहिले, बक्षिसं राहिली, वादही राहिले. पण बाईचा शब्द तिच्या भांड्याशेजारी आला, तो मग उठला नाही.

फिएस्टाशी असलेलं नातं बाजाराने पुढे सोडलं आणि तो ऑगस्टात गेला. सप्टेंबर फिएस्टाकडेच राहिला. पिवळ्या फुलांनी लगडलेली चामिसाची झुडपं, कोपऱ्याकोपऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या हिरव्या मिरच्यांचा खाट, आणि फिएस्टाच्या आधी जाळला जाणारा ‘झोझोब्रा’ नावाचा अक्राळविक्राळ पुतळा. विल शुस्टर या चित्रकाराने १९२४ मध्ये तो पहिल्यांदा केला. वर्षभराची चिंता त्याच्यासोबत जाळायची. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे परकं वाटणार नाही.

पडवी मात्र एका हंगामापुरती राहिली नाही. बायका शनिवारखेरीजही येऊ लागल्या, मग रोज. १९७० च्या दशकात बाहेरच्या कारागिरांनी न्यायालयात दाद मागितली, की या पडवीत फक्त मूळ रहिवाशांनाच का बसू देता? खटला संघराज्याच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. १९७९ मध्ये निकाल लागला आणि संग्रहालयाचा नियम कायम राहिला. तिथे विकायला बसायचं तर वस्तू स्वतःची किंवा स्वतःच्या घरची घडवलेली हवी, आणि तिच्यावर कर्त्याची खूण हवी.

गेल्या दिवाळीत मी पणत्या आणल्या त्या एका झगमगीत दुकानातून, पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या बारा. दोन पहिल्याच रात्री पाझरल्या, तेलाचे डाग उंबऱ्यावर अजून आहेत. परत कोणाकडे न्यायच्या? खोक्यावर किमतीचे पट्टे होते, माणूस नव्हता. आजी असती तर तिने त्यांतली एकही न वाजवता घेतली नसती.

सँटा फेच्या पडवीत बसायला येणारे पुष्कळदा जागेपेक्षा जास्त असतात. म्हणून सकाळी चिठ्ठ्या टाकतात. ज्याची निघेल त्याने भिंतीशी आपल्या वाट्याच्या पट्ट्यात कापड अंथरायचं. कापडाच्या घड्या सरळ करायच्या, भांडी मांडायची, मागे टेकायचं. मग गिऱ्हाईक येतं, एक काळं भांडं उचलतं, उजेडात तिरकं धरतं, नाग दिसला की थबकतं, आणि सवयीने तळाची सही बघायला भांडं उलटं करतं. समोर बसलेली बाई त्याच्या बोटांकडे बघत असते.