चैत्रांगण

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने धुंडाळणाऱ्या अभ्यासकास पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल उलगडता येतात, आणि मोहिमांचे जमाखर्च, कमाविसदारांचे हिशेब, सनदा व हुकूम असा राज्यकारभाराचा बारीकसारीक तपशील त्यांत हाती लागतो. परंतु जे कारकून हे कागद लिहीत, त्यांच्या घरच्या स्त्रियांनी पहाटे सडासंमार्जन करून दारापुढे कोणती रांगोळी रेखली, याची नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही. ती रोज नवी उमटे आणि माध्यान्हीपर्यंत पायांखाली विरून जाई.

तिची प्राचीनता मात्र निर्विवाद आहे. वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ व फुले यांच्या रचनेस स्थान आहे. आणि ज्याच्या घराण्याची सत्ता आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर नांदली, त्या कल्याणीच्या चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचाही निर्देश केला आहे. पुढची परंपरा ग्रंथांनी नव्हे, आजीने नातीला व सासूने सुनेला शिकवून राखली.

देशावर शिरगोळ्याचा पांढरा दगड भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून रांगोळी सिद्ध होई. भाताच्या कोकणात फोलपटे जाळून उरणारी पांढरी राख तेच काम करी. टोपली घेऊन दारोदार हिंडणारी रांगोळीवाली ती मापाने घाली, आणि रंग हवाच असेल तर हळदकुंकू घरात असेच. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून पूड सोडताना रेघ न तुटता सारख्या जाडीची यावी, यासाठी लागणारा सराव वर्षांचा असतो. चिमूट किंचित सैल झाली की तेथे पुडीचा पुंजका पडतो आणि जाणत्या डोळ्यास तो तत्काळ दिसतो.

या कलेचे वैभव पाहावे ते चैत्रात. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते, आणि तो महिनाभर शेणाने सारवलेल्या भूमीवर चैत्रांगण रेखले जाते. वर तोरण, मध्ये गौरीचा पाळणा, भोवती चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूळ, नाग, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, आणि यांच्याच शेजारी, तितक्याच आदराने, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा व खणनारळ! विष्णूचे आयुध आणि माहेरवाशिणीची फणी एकाच मापाने व एकाच रेषेने काढणाऱ्या त्या अनामिक स्त्रियांची दृष्टी मला फार मोठी वाटते. आपल्या घरातील कोणतीही वस्तू त्यांना रेखण्यास क्षुद्र वाटली नाही. हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनी आंब्याची डाळ खाता खाता, पन्हे पिता पिता ते अंगण न्याहाळत, एखादी नवी आकृती मनात टिपून घेत, आणि दुसऱ्या दिवशी ती आळीतल्या आणखी एका दारी उमटे. चैत्रांगणाच्या प्रती अशा निघत गेल्या.

चातुर्मासात व्रतस्थ स्त्रिया रोज 33 गोपद्मे काढीत. जेथे मृत्यू घडला तेथे मात्र सुतक फिटेपर्यंत रांगोळी पडत नसे, आणि शेजाऱ्यास त्या घराचे दुःख कोऱ्या अंगणावरूनच कळे.

मुंबईच्या चाळींत अंगण गेले, उंबरठा राहिला. तेव्हा रांगोळी उंबरठ्यापुरती आखूड झाली, दोन रेघा, एक स्वस्तिक, लक्ष्मीची पावले. आता तर छापील चिकटपट्टीही मिळते, आणि सोयीसाठी ती लावणाऱ्या गृहिणीस दोष देण्याचा माझा अधिकार नाही. पण छापलेल्या पावलांत काल आणि आज यांत फरक पडत नाही, हे मला खटकते. म्हणूनच सदनिकेतल्या एखाद्या दारी, चैत्रात, पाटावर गेरू सारवून चैत्रांगण रेखणारी मुलगी दिसली की तिला आकृत्यांची नावे विचारावीशी वाटतात, आणि बहुधा ती सगळी तिला तोंडपाठ असतात.