जुन्या कूपेची चाल

मोटारीचा डौल पाहताना आपली दृष्टी तिच्या रंगावर आणि आकारावर खिळते. पण आत बसणाऱ्याला सुख लाभते ते चाकांजवळ दडलेल्या स्प्रिंगांमुळे. जुनी, उंची, दोन दारांची कूपे बाळगणारे अनेक रसिक तिच्या स्प्रिंगा आणि स्ट्रट बदलून ती सुधारू पाहतात. या सुधारणेत काय साधते आणि काय बिघडते, हे त्या भागांचा इतिहासच उत्तम सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे गाडीकार ओबडाया इलियट यांनी घोडागाडीखाली लंबवर्तुळाकार पाट्यांच्या कमानी बसविल्या. पुढे मोटारींनीही पाट्यांच्या कमानीच स्वीकारल्या. त्यांत एक गुण आपोआप होता : पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घर्षणात बरीचशी उसळी जिरून जाई. १९३४ साली कॅडिलॅकने पुढील चाकांना वेटोळ्यांची स्प्रिंग दिली. ती मऊ होती, पण तिच्यात घर्षण जवळजवळ नव्हतेच. एकदा दबली की ती डोलतच राही. म्हणून तेलाच्या धक्काशोषकाची जोड तिला अपरिहार्य झाली. या शोषकाच्या नळीत दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. आपल्याकडील कारागीर यालाच ‘शॉकअप’ म्हणतात.

कॅडिलॅकच्या या कामात मॉरिस ऑली या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी दाखविले की, पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून मऊ असल्या, तर गाडी होडीसारखी पुढेमागे हेलकावत नाही. सुखद चाल म्हणजे केवळ मऊपणा नव्हे. ते पुढच्या-मागच्या भागांतील प्रमाण आहे.

त्यानंतरचे मोठे पाऊल अर्ल मॅकफर्सन यांचे. महायुद्ध संपताच शेव्हरोलेट कंपनीने त्यांच्याकडे एका छोट्या, स्वस्त मोटारीची योजना सोपविली. १९४७ साली ती योजना रद्द झाली आणि मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले. स्प्रिंग, शोषक आणि चाकाला वरून धरणारा आधार ही तिन्ही कामे त्यांनी एकाच उभ्या खांबात गुंफली. हाच मॅकफर्सन स्ट्रट. १९५० च्या लंडन प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या मोटारी तो घेऊन उभ्या होत्या. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पुढील चाकांवरही तोच होता.

या सुटसुटीत रचनेची एक किंमत आहे. स्ट्रटचे वरचे टोक थेट मोटारीच्या पत्र्याच्या सांगाड्याला टेकते. रस्त्याचा प्रत्येक धक्का सांगाड्याला सोसावा लागतो.

मूळची स्वस्त मोटारीची ही युक्ती उंची मोटारींतही गेली. बीएमडब्ल्यूने १९६१ साली आपल्या १५०० या मोटारीत स्ट्रट घेतला आणि १९६८ च्या २८०० सीएस या देखण्या कूपेतही तो आला. पुढे १९७२ साली याच घराण्यातील ३.० सीएसएल अवतरली. तिची दारे आणि झाकणे ॲल्युमिनियमची, पत्रा पातळ, स्प्रिंगा ताठ आणि शोषक बिलस्टीनचे, गॅसदाबाचे. १९७३ साली तिने युरोपीय टूरिंग मोटारशर्यतींचे अजिंक्यपद बीएमडब्ल्यूला मिळवून दिले. तेव्हापासून साध्या सीएसच्या मालकालाही आपल्या गाडीत तसेच भाग असावेत असा मोह होतो.

मोह समजण्याजोगा आहे; परंतु सीएसएलची ताठ स्प्रिंग एकटी आलेली नव्हती. तिच्याबरोबर हलके अंग आले, जुळते शोषक आले आणि आराम कमी करण्याची तयारीही आली. तेवढ्याच वजनाच्या गाडीत स्प्रिंगेचा ताठपणा चौपट केला, तर डोलण्याची गती दुप्पट होते. ती उसळी आवरणे जुन्या, थकलेल्या शोषकाच्या आवाक्याबाहेरचे असते. केवळ पुढच्याच स्प्रिंगा ताठ केल्या, तर ऑलींनी साधलेले प्रमाणही मोडते. आणि या जर्मन कूपेचे खरे दुखणे तर गंज हे आहे. स्ट्रटचे टोक जेथे टेकते, नेमका त्याच पत्र्याला तो पोखरतो. अशा पत्र्याखाली ताठ स्प्रिंग बसविणे म्हणजे कुजलेल्या तुळईवर माडी चढविणे होय.

म्हणून जाणता मनुष्य आधी पत्रा तपासतो व गंजलेला भाग कापून नवा जोडून घेतो. नंतर तो झिजलेले रबरी आधार बदलतो आणि मग स्प्रिंगा व शोषक एकमेकांना साजेसे, चारही चाकांचा एकत्र विचार करून निवडतो. पुष्कळदा मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि चांगले शोषक एवढ्यानेच गाडीची हरवलेली चाल परत येते, आणि मालकाच्या ध्यानात येते की आपल्याला हवी होती ती हीच.