सिनेमा समाजाचा आरसा? जरा थांबा

सिनॉप्सिस लिहिताना ‘सिनेमा हा समाजाचा आरसा आहे’ असं वाक्य तुमच्याकडून लिहिलं गेलंय का? मग एक उदाहरण बघा.

‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा रॉबर्ट वाइज यांचा १९५१चा सिनेमा. क्लाटू नावाचा परग्रहवासी वॉशिंग्टनमध्ये उतरतो आणि बजावतो, तुमची हिंसा अवकाशात आणलीत तर पृथ्वी राख होईल.

सिनेमा बेतलाय हॅरी बेट्स यांच्या १९४०च्या कथेवर. गंमत म्हणजे कथेत हा इशारा नाहीच! तिथे क्लाटू येताक्षणीच मारला जातो आणि शेवटी कळतं, खरा मालक त्याच्यासोबतचा यंत्रमानव आहे. मधल्या काळात हिरोशिमा घडलं, १९४९मध्ये सोव्हिएत अणुचाचणी झाली. म्हणजे इशारा अणुयुगाचा, असं म्हणायला आता आधार आहे. नुसता सिनेमा पाहून तो मिळाला नसता.

आता दुसरी बाजू. सिनेमात मेलेला क्लाटू पुन्हा जिवंत होतो आणि सांगतो, जीवन-मरणाची खरी सत्ता परमात्म्याची. यावरून थेट ‘तेव्हाचा अमेरिकी समाज श्रद्धाळू होता’ असा निष्कर्ष काढलात तर फसाल. हे वाक्य हॉलिवूडच्या सेन्सॉर कार्यालयाने आक्षेप घेतल्यामुळे घातलं गेलं. ते त्या कार्यालयाबद्दल जास्त सांगतं, प्रेक्षकांबद्दल कमी.

म्हणून सिनेमा साधन म्हणून वापरताना मूळ कथा शेजारी ठेवा, बदल टिपा आणि प्रत्येक बदलाला विचारा: हा कोणी केला, कोणाच्या दबावाखाली? आरसा म्हटलं की हा प्रश्नच उरत नाही.