नांगर खपला नाही ती दोन वर्षे

श्रोतेहो, पिरंगुटहून भरे गावाकडे निघालात की वाटेत भातखाचरेही दिसतात आणि कारखान्यांच्या शेडही. मुळशीतला एखादा तरुण त्या शेडमध्ये नोकरी धरतो. दुसरा म्हणतो, जमिनीचे चार पैसे आले आहेत, आपणच काहीतरी काढू. मग पारावर पहिला प्रश्न येतो, “भांडवल किती?” प्रश्न वाजवी आहे, पण तेवढाच विचारून भागत नाही. का भागत नाही, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगरावरून चांगले कळते.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले; पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येईनात. रंग सुटला, रेघ मात्र हाताशी राहिली. त्यांनी यंत्रांची चित्रे काढण्याची विद्या घेतली आणि मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान आधीच चालू होते. सायकल विकायची, आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची! शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. नवी वस्तू नुसती दुकानात मांडून खपत नाही, हा धडा इथेच मिळाला असावा.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. आता अडचण आली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

आपण हे ऐकून हसतो आणि “अडाणी समजूत” म्हणून पुढे जातो. मला ते पटत नाही. अहो, लाकडी नांगराला फाळ लोखंडाचाच असतो की! बापजाद्यांनी त्याच फाळाने रान नांगरले, तेव्हा नाही ते विष चढले. माझ्या मते विषाची भाषा तोंडी होती; पोटातली भीती वेगळी होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. हा ओतीव लोखंडाचा तुकडा तुटला तर जायचे कुणाकडे? नांगर जड, म्हणजे बैलही जास्त लागणार. पैसे रोख मोजायचे, आणि पीक हाती येईल तेव्हा खरे. ज्याचे वर्ष एका हंगामावर तोललेले असते, त्याने “आधी दुसऱ्याच्या रानात चालू दे, मग बघू” म्हटले तर त्यात वेडेपणा कसला?

नांगराचा फायदा मात्र खरा होता. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगराची वाकडी फळी खालची माती उचलून पालथी घालते. काळ्या रानात हरळी-कुंदा माजला की त्याच्या मुळ्या उन्हात उघड्या पाडायला असाच नांगर हवा. मुळशीच्या चिखलणीत त्याचे एवढे काम नाही, तिथे हलका नांगरच बरा. म्हणजे माल चांगला असून पुरत नाही. तो कुणाच्या रानात चालेल, हेही धंदा काढणाऱ्याला ओळखावे लागते.

नांगराचा जम बसण्याआधीच दुसरा घाव बसला. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. (हे औंध पुण्याजवळचे नव्हे बरे, साताऱ्याकडचे संस्थान.) त्यांचे बांधकाम लक्ष्मणरावांनी केले होते, त्यामुळे माणूस पारखलेला होता. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. भांडवल आले ते इथे. आधीच्या कामाची ओळख होती म्हणून आले. १९१० च्या मार्चमध्ये त्या निवडुंगाच्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

माणसेही त्यांनी जमवली ती अशीच. रामूअण्णा कारभाराला, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सोबती. शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. गाव बाहेर ठेवते त्याच्याच हाती किल्ली देणे सोपे नसते. शिक्षकबंधूंनी वर्गात हे जरूर सांगावे; मुले त्यावर भांडतील, आणि भांडू द्यावीत.

१९१४ साली महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येईनासे झाले, म्हणून देशी नांगराला मागणी आली. पण लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. त्यांच्या वाडीत आज पंप तयार होतात, आणि कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव आहे.