वळणाचा वेग

परवा जुन्या हार्डडिस्कमध्ये हॉलंडमधल्या दिवसांच्या जीपीएस फायली सापडल्या. विंडसर्फिंगचं खूळ होतं तेव्हाच्या. त्यात माझं आयुष्यातलं सर्वात वेगवान वळण आहे. म्हणजे... होतं.

आधी थोडा इतिहास. १९७२ साली इंग्लंडमधल्या पोर्टलंड बंदरात शिडाच्या बोटींचा वेग मोजण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. अंतर आखायचं, घड्याळ लावायचं. एकट्यादुकट्या हौशी माणसाला हे कुठलं जमायला! मग मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी तुमच्याआमच्याकडची उपकरणं १०० मीटरपर्यंत चुकू शकत. आता ती १०-२० मीटरवर आली. पुढच्या काही वर्षांत गार्मिनचं फोरट्रेक्स दंडाला बांधून कुणीही पाण्यात उतरू लागला.

सरळ धावेचा वेग सगळेच मिरवतात. कसब आहे ते वळण्यात. वारा पाठीवर घेत बोर्ड फिरवायचा, पाय बदलायचे, शीड या बाजूचं त्या बाजूला घ्यायचं, आणि तरी वेग टिकवायचा (मी बहुधा पाणी प्यायचो!). त्यासाठी 'अल्फा ५००' हे माप निघालं. मार्ग जास्तीत जास्त ५०० मीटर, मधे वळण, आणि शेवट सुरुवातीपासून ५० मीटरच्या आत. सरासरी २० नॉट पडली तर ४९ सेकंदांत खेळ खलास. दर सेकंदाला एक नोंद धरली तर वळणाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा ठिपके.

रिअलस्पीड, जीपीएस अ‍ॅक्शन रिप्ले, जीपीएस रिझल्ट्स, मी तिन्ही वापरली. रिप्लेमध्ये आपलाच ठिपका पळताना बघण्यात रात्र जायची. पण खरा फरक वेग काढायच्या रीतीत. १५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ पाच सेकंदांत कापलं तर अंतर ४७.१ मीटर, तेच ठिपके सरळ रेषांनी जोडले तर ४६.४. हा तोटा. उलट एखादा ठिपका उडाला की फुकटचं अंतर पदरात! डॉपलरच्या रीतीत ठिपके जोडावेच लागत नाहीत, उपग्रहाच्या लहरींची वारंवारता किती सरकली यावरून थेट वेग निघतो. लोकोसिसचं जीटी-३१ तो नोंदवायचं, आणि जीपीएस रिझल्ट्स वाचायचं.

माझ्या उपकरणात नुसती ठिकाणं होती. २००५ साली एका सॉफ्टवेअरने मला २०.१ नॉट दिले. त्याच रात्री बाबांना फोन करून सांगितलं, "वीस ओलांडले!" परवा तीच फाईल दुसऱ्यात उघडली, तर त्याने ती फेरी मोजायलाच नकार दिला. बघतो तर वळणात एका सेकंदात २८ मीटरची उडी, म्हणजे ५४ नॉट! खरे असतील ८ मीटर. वरचे २० वजा केले की उरतात १९.३.

दादा, बाबांची २००५ची रोजनिशी तुझ्याकडे आहे ना? त्यांनी तो आकडा लिहून ठेवलाय, मी पाहिलाय. त्याखाली पेन्सिलीने १९.३ लिही. वरचं खोडू नकोस.